कतरान पाजलेलं कुंपण

सरका, सरका, अजून सरका! खुर्चीसकट सरका! मी या कॉफीच्या दुकानात पाऊल टाकलं की अख्खी बाजू रिकामी होते, ते काय मला दिसत नाही? अहो, हमामात तीनदा अंग रगडून घेतलं! शेवटी तो रगडणारा म्हणाला, "खमीस, तुझे पैसे नकोत, तू दुसऱ्या गावच्या हमामात जा." पण एकदा, फक्त एकदा, हा हात हुंगा... शी! आलं नाकात? मग आता ऐका.

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या जर्दाळूंपायी! माझे सासरे हाजी मिलूद, त्यांनी आमच्या मबरूकाला जर्दाळूची रोपं दिली, आणि देताना काय म्हणाले? (नाकातून बोलतात ते.) "पोरी, झाडं देतोय खरा, पण तुझ्या नवऱ्याला एक खांब सरळ रोवता येत नाही. बकऱ्याच खाणार." पाहुण्यांसमोर! मी हसलो. करतो काय? तर यंदा पहिल्यांदा फळ धरलं, आणि मबरूकानं जाहीर केलं, "पहिलं फळ बाबा स्वतः येऊन तोडणार. आणि खमीस, त्याआधी एक जरी बकरी आत शिरली ना, तर तू यापुढे बकऱ्यांतच झोप."

म्हणून मी कुंपण बघायला गेलो. निलगिरीचे खांब, उभे दिसत होते रुबाबात. एक हलवून पाहिला... शी, शी, शी! पाटाच्या पाण्यानं बूड असं कुजलेलं, की हाताला लाकूड नाही, चहात बुडवलेलं बिस्किट लागलं! आणि त्यात अळ्या. पांढऱ्या. जाड. माझ्या बोटावर चढली एक!

लावला सासऱ्यांना फोन. "त्यात काय रडायचंय? नवे खांब आण, साल काढ, चांगले गुळगुळीत कर, बुडं विस्तवावर काळी होईपर्यंत भाज, आणि वरपासून खालपर्यंत कतरान पाज. कीड फिरकायची नाही!" कतरान! लाकडं भट्टीत घालून गाळलेलं ते काळं, चिकट तेल हो. आजी पाण्याच्या माठात एक थेंब टाकायची, वास कसा छान यायचा. पण थेंब वेगळा आणि डबे वेगळे! डोळे चुरचुरले, भाकरीला तोच वास, उशीला तोच वास, मबरूकानं माझं अंथरूण अंगणात काढलं. पण कुंपण? काळंभोर, ताठ! मी म्हटलं, या हाजी, या आता!

आता मला सांगा, उंटाला लूत लागली की आपण काय फासतो? कतरान. शेळीला लागली की? कतरान! शेंबड्या पोराला माहीत आहे. मग मला तेव्हाच का नाही आठवलं? हुंगा हा हात आणि सांगा!

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर शेजारच्या बलगासेमची सांडणी. तीच, जिला तो बाजाराच्या दिवशी ट्रकमध्ये घालून सासऱ्यांच्या गावापर्यंत मिरवतो. केस झडलेले, पाठीवर खपल्या, खालची कातडी गुलाबी, ओली... आणि ती बया माझ्या खांबाला अंग घासतेय! डोळे मिटलेले, खालचा ओठ लोंबतोय, लाळ तारेवर! मी धावलो, तर बलगासेम माझ्या गळ्यात पडला. "देव तुझ्या आईबापांवर दया करो, खमीस! कतरान काय महाग झालंय, आणि तू सगळ्यांसाठी रांगेनं फासून ठेवलंस!"

सगळ्यांसाठी?

दुपारपर्यंत शेळ्या आल्या, मेंढ्या आल्या, गाढवं आली... तुम्ही काय हसताय, मिशीवाले? तुमची गाढवी नव्हती त्यात? हाकलायला काठी उचलली, तर मबरूका मधे उभी. "दुखणाईत मुकं जनावर हाकलतोस? पाप लागेल!" तिला पुण्य, मला वास! रोज घासून कतरान उडायचं, रोज मी नवं फासायचो, आणि त्या ओल्या कतरानावर त्यांचे केस, खपल्या, लोकर... अहो, माझ्या कुंपणाला लव फुटली! लाकडाला केस बघितलेत कधी? मी बघितलेत. हात लावलाय मी त्याला! याच हातानं! हुंगा!

आणि खांब लागले डुलायला. सासरे शुक्रवारी येणार. जर्दाळू पिवळे धमक. शुक्रवारी सकाळी मी एकेक खांब ठोकत फिरतोय, आणि मला... खाज सुटली. आधी कोपराला, मग मानेवर, मग पाठीच्या बरोब्बर मधोमध, जिथं आपला हात पोचत नाही. मबरूकाला हाक मारली. घरातूनच ओरडली, "आधी स्वतःला हुंग!"

मग मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कोणी नव्हतं. आणि लावली पाठ खांबाला. काय सांगू तुम्हाला! माझेही डोळे मिटले. ओठाचं काय झालं ते मला माहीत नाही. थोडं डावीकडे... थोडं वर... अंहं, जरा जोरात... आणि कडाड्! तो खांब गेला, त्यानं तार ओढली, तारेनं पुढचा ओढला, धडाधड सगळं आडवं! अळीनं नाही पाडलं, सांडणीनं नाही पाडलं, मी पाडलं! आणि बकऱ्या? त्या काय निरोपाची वाट बघत होत्या? मी उठेपर्यंत खालच्या फांद्या साफ!

मान वळवतो तर बलगासेमच्या ट्रकमधून सासरे उतरतायत. मागून. सांडणीशेजारून. हातात रिकामी टोपली. दारात मबरूका, कमरेवर हात. हाजींनी बकऱ्यांकडे बघितलं, झाडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, संपलं, आता तेच वाक्य येणार. नाकातून येणार.

पण हाजींनी टोपली खाली ठेवली. मान खाजवली. मग काख. मग हळूच आले, आणि उरलेल्या एकुलत्या एक उभ्या खांबाला, ज्याला मी धरून उभा होतो, त्याला पाठ लावून बघितली. च्च्! तोंड वाकडं केलं.

"पुढच्या खेपेला साल राहू दे, खमीस. गुळगुळीत खांबानं काही भागत नाही." बकऱ्या मचमच खातायत, मबरूका बघतेय, आणि हाजी म्हणतात, "आणि असा मधेच काय उभा राहिलास? सरक जरा."

काय करणार... सरकलो.