तपकिरी रेडहॉकचा कागद

...नाही, मला एक सांगा, स्वतःच्या बापानं सत्तर साली नवी कोरी घेतलेली गाडी, स्वतःच्या गॅरेजमध्ये उभी, बाप अजून हयात, अठ्ठ्याऐंशीचा, यूकर नावाच्या पत्त्यांच्या डावात लबाडी करण्याइतका शुद्धीवर, आणि ती गाडी खरी का खोटी हे मी कोणाला विचारायचं? बापाला ना? चूक! साफ चूक! तुम्हाला सांगतो, गेल्या उन्हाळ्यात अख्ख्या ओहायोनं मला एकच प्रश्न विचारला... कागद आहे का, कागद?

गाडी कुठली, तर रेडहॉक. नाव ‘लाल ससाणा’ आणि रंग म्हणाल तर तपकिरी! तपकिरी म्हणजे अगदी... जाऊ दे, तुम्ही जेवून आला असाल. पण पोटात इंजिन चारशे चाळीसचं, सगळ्यात मोठं, सोबत चार गिअरचा दांडा. सिग्नलला नुसती उभी राहिली तरी शेजारच्या गाडीतली कॉफी हिंदकळायची. दोन वर्षांपूर्वी बाबा वृद्धाश्रमात राहायला गेले तेव्हा म्हणाले, ‘‘लेलँड, सांभाळ.’’ मी म्हटलं, सांभाळायची तर जरा मिरवूही. आमच्या लिमा गावात ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, त्यात अस्सल गाड्यांची वेगळी रांग. अर्ज भरला. आणि तिथेच माशी शिंकली! माशीचं नाव ड्वाइट. माझ्या बहिणीचा नवरा.

‘‘लेल्या,’’ म्हणतो कसा, तोंडात भुट्टा, ‘‘अरे ती छोट्या इंजिनची गाडी! सासरेबुवांनी मागाहून कुठल्या तरी भंगारातनं मोठं इंजिन काढून बसवलं असणार. तेव्हा सगळेच बसवायचे. कारखान्यानंच बसवलं म्हणतोस, तर कागद आहे का, कागद?’’

आता बोला! म्हणजे माझा बाप पन्नास वर्षं खोटं बोलतोय? आणि दुर्दैव असं, की त्या कंपनीनं त्या वर्षी गाडीच्या नंबरात इंजिन कुठलं ते लिहिलंच नव्हतं. बरं, इंजिनावरचा नंबर जुळवावा, तर इंजिनाचा मूळचा ठोकळा चौऱ्याहत्तरच्या थंडीत तडकला आणि तसलाच दुसरा बसवला. कंपनी? ती कधीच बुडाली. दप्तरही तिच्याबरोबर बुडालं.

वृद्धाश्रमात गेलो. म्हटलं, ‘‘बाबा, मी जरा तपासून घेतो.’’

‘‘काय तपासतोस?’’

‘‘इंजिन कारखान्यातलंच होतं का, ते.’’

हातातले पत्ते उलटे ठेवले त्यांनी. ‘‘मी सांगितलंय ना तुला?’’

‘‘हो बाबा, पण...’’

‘‘पण?’’

संपलं! त्या एका ‘पण’वर तीन आठवडे माझ्याशी अबोला. मी गेलो की टीव्हीचा आवाज वाढवायचे. आणि टीव्हीवर काय, तर हवामान!

मग मी बोलावलं मिसेस टॅकेटना. जुन्या गाड्या पारखणाऱ्या बाई. मला वाटलं, कोणी दणकट येईल, तर ही काडीसारखी, साठीची, हातात टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरचा असतो ना, तो आरसा! गाडीला ‘आ’ करायला लावते की काय! तीन तास गाडीखाली. रंगाचे थर खरवडले, जोडकाम बघितलं, बोटानं जुनं ग्रीस काढून चक्क हुंगलं. मी बाहेर येरझाऱ्या घालतोय, जसा काही बाळंतपणाच्या खोलीबाहेर! बाई बाहेर आल्या, चष्मा पुसला, आणि काय विचारलं असेल? कागद आहे का, कागद!

‘‘कुठला कागद हो बाई?’’

‘‘गाडी बनत असताना कामगारांसाठी एक यादी असायची, हिला काय काय बसवायचं त्याची. जन्मपत्रिकाच समजा. काम झालं की ते लोक फेकायचे नाहीत, कधीकधी मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये कोंबायचे. सीट उचला.’’

सीट उचलली! उंदराचं घरटं, एक कंगवा, माझ्या लहानपणीचा अर्धा सैनिक... आणि कागद! पिवळा, कुरतडलेला, पण कागद! मी तो उलगडला. आणि ड्वाइट, कोणी बोलावलं होतं त्याला, देव जाणे, माझ्या खांद्यावरून मोठ्यानं वाचतोय, ‘‘रंग लाल... गिअर आपोआप पडणारे... इंजिन... छोटं!’’ आणि असा हसला, असा हसला, की तोंडातला भुट्टा नाकात गेला.

खरं सांगू? मी खालीच बसलो. कागद मिळाला होता आणि माझा बाप खोटा ठरला होता. हे आता त्यांना सांगायचं कोणी? का सांगायचंच नाही? आयुष्यभर हवामान बघत बसायचं?

तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘‘थांबा. तुमची गाडी तपकिरी. थेट पत्र्यापर्यंत तपकिरी, मी खरवडलंय. मग कागदावर लाल कशी?’’ आरसा ठेवला, भिंग काढलं. ‘‘तुमच्या गाडीचा शेवटचा आकडा सहाशे सतरा. कागदावर सहाशे अठरा. हा कागद तुमचा नाहीच हो! शेजारच्या गाडीचा आहे. लावणाऱ्यानं अदलाबदल केली!’’

म्हणजे सत्तर साली कुठल्यातरी कामगाराला जेवणाची घाई, आणि इकडे माझ्या बापाची अब्रू टांगणीला!

रेडहॉकच्या मालकांची नोंद ठेवलेल्या बाईंच्या वहीत सहाशे अठराचा पत्ता सापडला. इंडियानात, कोकोमोला, मर्ल हॉस्किन्स. फोन केला. ‘‘हॉस्किन्ससाहेब, तुमच्या सीटखाली माझा कागद आहे.’’ फोन बंद! पुन्हा केला. ‘‘तुमचा माझ्याकडे आहे!’’ मग म्हणतो, ‘‘छत्तीस वर्षं शोधतोय मी तो. मला सगळे विचारतात हो...’’ म्हटलं, पुढचं बोलू नका, मला पाठ आहे!

पाच दिवसांनी त्याचा फोन, कागद सीटच्या पार आतल्या स्प्रिंगमध्ये सापडला! रडत होता की हसत होता, कळेना. दोन राज्यांच्या सीमेवरच्या एका हॉटेलात भेटलो, बशीच्या बाहेर लोंबणारं पोर्क सँडविच मध्ये ठेवून, ओलिसांची अदलाबदल करावी तसे कागद सरकवले. मी वाचलं. सहाशे सतरा. तपकिरी. चार गिअर. रेडिओ नाही. इंजिन... चारशे चाळीस! मी मर्लला मिठी मारली. सोबत आलेल्या बाईंनी वहीत बघून सांगितलं, ‘‘अशा फक्त सातच सापडल्यात.’’

‘‘सातच? एवढी दुर्मिळ?’’

‘‘हा रंग कोणालाच नको होता हो.’’

तसाच वृद्धाश्रमात गेलो. टीव्ही बंद केला, कागद पुढे धरला. म्हटलं, ‘‘बाबा, चुकलो. विचारायलाच नको होतं. आणि अशा सातच सापडल्यात म्हणे.’’

त्यांनी सावकाश वाचला. कोपऱ्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाले, ‘‘सातच?’’

‘‘सातच, बाबा!’’

‘‘म्हणजे त्या विक्रेत्यानं आणखी सहा जणांना गंडवलं. मला लाल हवी होती रे! म्हणाला, आज फक्त हीच आहे.’’ आणि हसले. तीन आठवड्यांनी! मग एकदम, ‘‘गाडी अजून कोणाच्या नावावर?’’

‘‘तुमच्याच.’’

‘‘मग किल्ली दे.’’

आता काय करणार? मेळ्याची रांग राहिली बाजूला, तेव्हापासून दर रविवारी दुपारी, चर्चचं रिकामं पार्किंग, स्टिअरिंगवर अठ्ठ्याऐंशीचा म्हातारा, आणि बाजूला मी, अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, पट्टा आवळून, डोळे मिटून. टायर किंचाळतात, कबुतरं उडतात. मी म्हणतो, ‘‘बाबा, हळू!’’ तर म्हणतात, ‘‘हळूच जायचं असतं तर छोटं इंजिन नसतं घेतलं?’’

आता तर तेही सिद्ध झालंय!