पक्षी तिथे थांबत नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले प्राचार्य, शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी, सहकारी शिक्षक, विद्यार्थी आणि खुर्च्या संपल्या तरी न कुरकुरता उभे असलेले पालकहो,

मी या संगीत विद्यालयातला बासरीचा शिक्षक. प्राचार्यांविषयी चार गोड शब्द बोल, असा मला हुकूम आहे. पण आधीच्या वक्त्यांनी गोड शब्द काही शिल्लक ठेवलेले दिसत नाहीत. तेव्हा उरलंसुरलं मी बोलतो.

आमची ही गेली, तेव्हा घर खायला उठायचं. मी पहाटे तळ्याकाठी जाऊन बसू लागलो. तिथल्या झुडपात एक इवलासा राखाडी पक्षी गायचा. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. सांत्वनाला आलेल्याला कोणी नावगाव विचारतं का? बाकीचे 'धीर धरा' म्हणाले आणि आपापल्या वाटेने गेले. हा मात्र रोज यायचा. हळूहळू त्याची लकेर मी बासरीवर बसवली.

ती पहिल्यांदा ऐकवली प्राचार्यांना, त्यांच्या खोलीत, दार लावून. मध्येच मला रडू फुटलं, श्वास तुटला. सावरून मी पुढचं वाजवलं. ते पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गड्या, हे जपून ठेव. कुणाला ऐकवू नकोस."

मी नाही ऐकवलं. त्यांनी ऐकवलं.

तीच आपली सुप्रसिद्ध पहाटधून! मुलाखतीत ते सांगतात, "रोज पहाटे फिरायला जायचो, तिथे पक्ष्याने दिली." वहिनी, तुम्ही हसताय. नऊच्या आत यांना उठलेलं तुम्ही तरी पाहिलंय का?

तरी मी गप्प बसलो. का? धुनेत ते मधलं थांबणं तसंच होतं. मला वाटायचं, मित्राने ते माझ्यासाठी ठेवलंय, आमच्या हिच्या आठवणीसाठी. त्यावर मी इतकी वर्षं समाधान मानलं.

परवा तालमीला प्राचार्य वर्गात आले. मुलांना म्हणाले, "इथे थांबा. पक्षी इथे दम घेतो."

अहो, पक्षी तिथे थांबत नाही. कधीच थांबला नाही. तिथे मी थांबलो होतो!

लकेर नेलीत, त्याचं एवढं वाटलं नाही. ती पक्ष्याची होती. पण मी तुमच्यासमोर रडलो, प्राचार्य, आणि तुमच्या ते लक्षातही राहिलं नाही. याचं वाईट वाटलं. फार वाटलं.

असो. आता समारोपाला ती धून मी आणि मुलांनी वाजवायची आहे. मुलांनो, आज मध्ये थांबायचं नाही. पक्षी गातो तशी सलग वाजवू. ते थांबणं मी माझ्या घरी परत नेतोय.

प्राचार्यांना उत्तम आरोग्य लाभो, आणि एकदा तरी पहाटे जाग येवो. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. वाजवताना मात्र काही चुकल्यासारखं वाटलं, तर ती चूक नाही.