विरोधी बाकावरून रागिणी मॅडमना निरोप

आजच्या या हृद्य सोहळ्याचे अध्यक्ष, आमच्या अमरावती-अकोला बसचे निवृत्त कंडक्टर आदरणीय शालिकरामभाऊ. व्यासपीठावर झेंडूच्या टोपलीसकट विराजमान झालेल्या, रोज मूर्तिजापूरला फुलं विकायला उतरणाऱ्या माणिकबाई. सत्कारमूर्ती रागिणी मॅडम. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या मातोश्री सुभद्राबाई. आणि रोज उभ्यानं प्रवास करून आज एकदाची खुर्ची मिळालेल्या माझ्या तमाम अपडाऊनवाल्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी माझी ओळख ‘विरोधी पक्ष’ अशी करून दिली. नव्या मंडळींसाठी खुलासा करतो. मी गोपाल. अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. मॅडम तिथंच पाटबंधारे खात्यात आहेत. आम्ही सकाळच्या बसनं जातो, संध्याकाळच्या बसनं येतो, आणि मधल्या रस्त्यात त्या महाराष्ट्राचे दोन तुकडे करतात अन् मी ते होऊ देत नाही.

आमच्या बसची रीतच तशी आहे. ड्रायव्हरच्या मागची बाजू वेगळ्या विदर्भाची, दाराकडची बाजू अखंड महाराष्ट्राची. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणालाच आठवत नाही. बडनेरा सुटलं की शालिकरामभाऊ तिकिटं आटोपून सभापती व्हायचे. वक्ता लांबला की दोरी ओढून घंटी द्यायचे. आता एक घंटी म्हणजे ड्रायव्हरसाठी ‘थांबा’. वक्ता काही थांबत नसे, गाडी मात्र शेताच्या धुऱ्यापाशी थांबायची. अकोल्याला लेटमार्क का लागतो, हे साहेबांना कोणत्या तोंडानं सांगणार?

बहुमताचंही खरं सांगून टाकतो. थंडीत दाराकडून कोवळं ऊन यायचं, म्हणून डिसेंबरात अखंड महाराष्ट्राची बाजू खचाखच भरायची. नेमकं नागपूरच्या अधिवेशनाच्या दिवसांत! ऊन तापलं की तीच माणसं उठून पलीकडे. निष्ठा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

आणि मॅडम काय बोलायच्या! कापूस आपला, संत्रा आपला, वीज आपली, अन् धरणाच्या कागदावर सही आणाले मुंबईले जा, असं त्या सुरू करायच्या. अनुशेषाचे आकडे तर पाढ्यासारखे तोंडपाठ. मी म्हणायचो, मुंबईवाल्याईनं लुटलं म्हणून आता नागपूरवाल्याईच्या हवाली व्हायचं काय? अन् वऱ्हाडाले कोणी विचारलं काय? मग त्या म्हणायच्या, वऱ्हाड वेगळं मागू. अशानं त्या एकदा आपल्या भातकुली तालुक्यापर्यंत वेगळं राज्य मागून बसल्या होत्या. मूर्तिजापूर जवळ आलं की दोन्ही बाजू निवाड्यासाठी माणिकबाईंकडे पाहायच्या. बाई टोपली उचलून म्हणायच्या, “वेगळं करा नाहीतर एक ठेवा, मले उतरू द्या.”

आता थोडं मनातलं. मागे एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो होतो. कोणीतरी विचारलं काय करता आहात, मी म्हणालो, नकाशा पाहून राहिलो. सगळे हसले. वाईट हसले असंही नाही, प्रेमानं हसले, आणि एकानं विचारलं, तुम्ही मध्य प्रदेशचे का? त्या दिवशी मी जेवलो नाही. मनातल्या मनात मी तेव्हाच वेगळा झालो होतो. अन् दुसऱ्या दिवशी त्याच माणसानं आपल्या घरी नेऊन मला आमटी-भात वाढला, त्याच्या आईनं पाठीवरून हात फिरवला, तर मी पुन्हा अखंड. हे असं माझं आजवर चालू आहे. आपल्या मातीवर जीव असला की माणसाला एक मत परवडत नाही. परत आल्यावर मात्र मी बसमध्ये आधीपेक्षा मोठ्यानं महाराष्ट्राच्या बाजूनं बोललो. का? कारण समोर मॅडम बसल्या होत्या. मी ‘तुमचं बरोबर आहे’ म्हटलं असतं, तर मूर्तिजापूरपर्यंत बोलायचं काय?

तर मागच्या सोमवारी मॅडमच्या बढतीची ऑर्डर आली. बदली मुंबईला. बसमध्ये पेढे वाटले गेले. दोन्ही बाजूंनी टाळ्या झाल्या. शालिकरामभाऊंच्या जागी आलेल्या नव्या कंडक्टरनंही पेढा घेतला. मी एकटा खिडकीबाहेर पाहत होतो. तेव्हा मॅडम पलीकडून म्हणाल्या, “सर, कावून चूप बसले? तुमच्या महाराष्ट्रातच तर चालली मी.”

मी पेढा तोंडात टाकून अकोल्याला उतरलो. मी त्या दिवशी वर्गात नकाशा काढत होतो, मुलांना नद्या दाखवत होतो, आणि माझं बोट आपोआप विदर्भाच्या सीमेवरून फिरू लागलं. डोक्यात आलं, विदर्भ वेगळा असता तर मॅडमची बदली लांबात लांब कुठं झाली असती? पार गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचाले! दिवस मोडला असता, हाडं खिळखिळी झाली असती, पण सुटीत जाऊन तर आलो असतो. मंडळी, नागपूर करारानं जे झालं नाही, अनुशेषानं जे झालं नाही, ते एका ऑर्डरनं झालं. मी वेगळ्या विदर्भाचा झालो. भर वर्गात झालो.

आणि लगेच घात झाला. मॅडम मुंबईत राहणार म्हटल्यावर मुंबई आपली नाही, असं मी कोणत्या जिभेनं म्हणू? तेव्हा माझी आजची भूमिका ऐका. विदर्भ वेगळा झालाच पाहिजे आणि मुंबई सोडायची नाही. हसू नका, शालिकरामभाऊ. अशा भूमिकेवर लोक निवडून आलेले आहेत.

सुभद्राबाई, तुम्ही समोर आहात, म्हणून मध्ये कोणाला न घालता विचारतो. रागिणी मॅडम, माझ्याशी लग्न करता काय? मी मुंबईत नोकरी पाहतो. भूगोल तिथंही शिकवत असतीलच. तुमचं म्हणणं मला कधीच पटू नये अशी माझी इच्छा आहे, अन् ते मले रोज ऐकाचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी मी रुसणार नाही. सोमवारी बसमध्ये तुमच्या बाजूनं कोणीतरी बोललं पाहिजे, ते मी बोलेन.

हॉल देणाऱ्यांचे, माईकवाल्याचे, सकाळपासून चहा पुरवणाऱ्यांचे आणि मला इतका वेळ सहन करणाऱ्या आपणा सर्वांचे आभार मानतो. बोलण्याच्या भरात कोणाच्या विदर्भाला किंवा कोणाच्या महाराष्ट्राला धक्का लागला असेल, तर दोन्ही बाजूंनी तो मोठ्या मनानं पोटात घालावा. सभागृहानं मला माफ करावं. मॅडमनी मात्र माफ करू नये. त्यांनी उत्तर द्यावं.