एनिडचा हात

विंडसरच्या बसथांब्यावर रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या. मी काही मुद्दाम कान लावले नव्हते. रांगेत ते आपोआप लागतात.

"एनिड, पेपरातला हा फोटो तुझाच ना गं?"

"मेव्हिस, घडी घालून ठेव तो."

"एका हातात फलक, 'चालते व्हा'. दुसऱ्या हातानं अमेरिकेच्या अध्यक्षांना टाटा. वर हसतेस पण."

"त्यानं गाडीतून आधी हात केला. मग काय खांबासारखं उभं राहायचं?"

"निषेधाला गेली होतीस ना?"

"गेलेच होते. चार तास, थर्मासमधला चहा संपेपर्यंत. ह्याच्या आधीच्या तिघांनाही मी कधी चांगलं म्हटलेलं नाही."

"नातीनं पाहिला फोटो?"

"फलक टॅम्सिननंच रंगवलेला. सकाळपासून माझा फोन उचलत नाही. ही बस कुठे मेली?"

"येईल. तिला सांगणार काय?"

"उद्या तो परत निघेल, तेव्हा पुन्हा उभी राहीन. फलक दोन्ही हातांनी घट्ट धरून."

"आणि त्यानं पुन्हा हात केला तर?"

"तर आभाळाकडे बघेन. एवढंही जमणार नाही का मला?"

तेवढ्यात बस आली. खच्चून भरलेली होती, न थांबताच पुढे निघाली.

"अरे मेल्या, डोळे फुटले का तुझे?" एनिड कडाडली.

ड्रायव्हरनं काचेआडून दिलगिरीचा हात केला.

"एनिड."

"काय?"

"हात खाली घे."