साध्या पाण्याला डेंग्यू

ऐका, परवा आमच्या रोह्याच्या लॅबमध्ये साध्या पाण्याला डेंग्यू झाला! आम्ही डेंग्यू तपासायच्या सेन्सरच्या पट्टीवर त्याचे विषाणू पकडणारी अँटीबॉडी चिकटवतो. मधल्या रिकाम्या जागा दुधाच्या पावडरीनं भरायच्या, नाहीतर तिथं भलतंच काही चिकटतं आणि नसलेला आजार दिसतो. ती पावडर साहेबांनी चहात संपवली आणि पट्ट्या तशाच, जागा न भरता वापरल्या गेल्या.

आईला हसवायला पेणला फोन केला. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. पण ती हसलीच नाही.

"खरं हाय गो," म्हणाली, "घरातली जागा रिकामी झाली का तिथं बी नको ते चिकटतं. काल दिसभर वाटत व्हतं, तू आजारी हायेस."

"अगं, मी ठणठणीत आहे."

"मंग येऊन दाखव."