मांडवात तोडी

माझं लग्न अंतरपाटाशीच मोडत होतं, ठाऊक आहे? लढाईचे दिवस, मुहूर्त सकाळचा. माझे वडील, आमचे अण्णा, पुणतांब्याला मास्तर, गाण्याचे वेडे. अंतरपाट धरला आणि अण्णा सनईवाल्यावर ओरडले, "आता तोडी! तोडीच हवी!"

माझे सासरे पाथर्डीकडचे शेतकरी. त्यांच्या हातातल्या अक्षताच गळाल्या. "मास्तर, आमचं काय चुकलं? ऐन येळंला तोडताय व्हय?"

मी नवरी असून अंतरपाटाआडून मान वर करून बघितलं.

अण्णा घाबरले. "अहो, तोडी म्हणजे राग!"

"राग आलाय ते दिसतंयच की!"

सनईवाला वस्ताद. म्हणाला, "पाव्हणं, तोडी ऱ्हाऊ द्या. मी जोडी वाजवतो." आणि त्यानं तोडीच वाजवली!

सासरे डोलत अण्णांना म्हणाले, "शिका जरा, मास्तर. लग्नात असलं वाजवत्यात!"