मेमरीची हद्द

अहो, आम्ही ब्राह्मणपुरीला कापूस वेचत होतो, नेहमीसारखाच दिवस, आणि धाकटा भाऊ वसंत सुट्टी नसताना ट्रंक घेऊन थेट शेतात आला. मुंबईत कॉम्प्युटरसाठी कार्डांना छिद्रं पाडायची त्याची नोकरी गेली होती.

"काय चुकवलंस?" मी विचारलं.

"मी कुठे चुकवलं, दादा? साहेबांनी प्रोग्राममध्ये नावांसाठी मेमरीत जागा राखली, पण हद्द तपासायचं राहिलं. नावं जास्त आली आणि शेजारी यंत्राला दिलेल्या सूचना होत्या, त्यांच्यावर जाऊन बसली. यंत्र बरळायला लागलं."

"मग तुला का काढलं?"

"ऑफिसच्या चौकशी समितीनं कारणांचे तीन खाने केले. यंत्र, वीज आणि कार्डवाला. यंत्र विलायती, म्हणजे निर्दोष. वीज गेली नव्हती. उरलो मी."

आईनं ओटीतला कापूस ढिगावर टाकला. "आनि साहेबनी चूक कोनता खानामा टाकतस रे, भाऊ?"

"खाना तर त्यासनीच करेल शेतस, माय." खाने साहेबांनीच आखलेले होते.

वसंत मागच्या वर्षी वारला. त्याचा ऑफिसातला जुना सोबती भेटायला आला तेव्हा मी त्या प्रोग्रामची चौकशी केली. तो म्हणाला, कार्डं बंद होईपर्यंत कार्डवाले आणखी दोन बदलले. तोच प्रोग्राम आता नव्या यंत्रावर चालतो; हद्दीची तपासणी अजून कोणी घातलेली नाही.